‘घरी न्या, आता सेवा करा’ म्हणजे नेमकं काय करा?

पत्र थोडक्यात: सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका सूनबाईंनी लिहिलं आहे. सासरे ७३ वर्षांचे, एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले. सात महिन्यांपूर्वी स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तोवर तो यकृतापर्यंत पोचला होता. केमोचे चार डोस झाले, पुढचे अंगाला मानवेनात म्हणून थांबवले. पुण्याच्या डॉक्टरांनी ‘घरी न्या, आता सेवा करा’ एवढं सांगून फाइल हातात दिली. सासऱ्यांना मात्र ‘पोटात अल्सर आहे’ असंच सांगितलेलं आहे. रात्री ते उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसतात, कण्हतात. लघवीला उठावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. बाईंच्या नवऱ्याला त्यांना आणखी एका मोठ्या हॉस्पिटलात भरती करायचंय. अमेरिकेतले दीर रोज व्हिडिओ कॉलवर ‘पैशाकडे बघू नका, सगळं करा’ म्हणतात. नणंदेने कुठून तरी काढा मागवून पाठवलाय. कोणीतरी पुण्यातल्या हॉस्पिसचं (बरं न होणाऱ्या पेशंटचं दुखणं सांभाळणाऱ्या केंद्राचं) नाव सांगितलं म्हणून बाईंनी घरात विषय काढला, तर नवरा म्हणाला, ‘बापाला मरायला नेऊन टाकू?’ आणि नणंद म्हणाली, ‘तुला जड झाले.’ बाई लिहितात: ‘मी पडले सून. मला यात बोलायचा अधिकार आहे का? परवा रात्री त्यांनी विचारलं, सूनबाई, हे अल्सरचं दुखणं न्हाय ना? मी गोळीची वेळ झाली म्हणत उठले. कधी कधी वाटतं, सुटावेत एकदाचे. मग माझीच मला भीती वाटते. मी वाईट आहे का?’ (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

ताई,

आधी त्या डॉक्टरांच्या वाक्यावरचा राग काढू द्या. ‘घरी न्या, सेवा करा.’ गेल्या कित्येक वर्षांत या सदरात आलेल्या किती पत्रांमध्ये हे वाक्य जसंच्या तसं वाचलंय, त्याची मोजदाद सोडून दिली. बोलणाऱ्याला ते सौम्य वाटत असेल. ऐकणाऱ्याला त्यातून एकच कळतं, की आमचं काम संपलं. सेवा करायची म्हणजे काय करायचं, हे कोणी सांगितलं तुम्हाला? रात्री अडीचला पोटात कळ उठली तर कुठली गोळी, किती, कितीव्या तासाला? चार दिवस शौचाला झालं नाही तर काय? घास गिळता येईना झाला तर? यातलं काहीही न शिकवता एका घराच्या हवाली माणूस केला जातो, आणि मग ते घर आपापसात भांडत बसतं. तुमचं घर भांडतंय ते तुमच्यातलं कोणी वाईट आहे म्हणून नव्हे. तुम्हा सगळ्यांच्या हातात एक काम दिलंय आणि ते कसं करायचं हे कोणालाच ठाऊक नाही.

ते काम शिकवणारी आणि त्यात सोबत करणारी वैद्यकाची एक शाखा आहे. पॅलिएटिव्ह केअर. मराठीत कोणी तिला उपशामक म्हणतं, कोणी परिहारक. माझ्या मते ‘सेवा’ हाच शब्द तिला सगळ्यात जवळचा, फक्त ती शिकून केलेली सेवा. टाटा मेमोरियलमध्ये तिचा स्वतंत्र विभाग आहे, त्यात एमडी होता येतं. तुमच्या यजमानांना वाटतं तशी ती ‘हात टेकले’ म्हणणाऱ्यांची जागा नाही. दुखणं, मळमळ, धाप, झोप, भीती, घरच्यांची दमछाक, हे सगळं तिथे आजार म्हणून हाताळलं जातं.

आता सासऱ्यांच्या दुखण्याकडे येते, कारण बाकी सगळं त्यानंतर. उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसतात, असं तुम्ही लिहिलंय. ताई, स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं दुखणं असंच असतं: पोटाच्या वरच्या भागातून पाठीत आरपार जाणारं, उताणं झोपलं की वाढणारं, वाकलं की किंचित सैल होणारं. ते मन घट्ट करून सोसायचं दुखणं नाही. तुमचे गावातले डॉक्टर देताहेत त्या गोळ्यांची, पॅरासिटामॉल आणि ट्रॅमाडॉलची, एक मर्यादा असते. तिच्यापलीकडे गोळ्या वाढवल्या तर अपाय वाढतो, आराम नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच कॅन्सरच्या वेदनेसाठी औषधांची एक शिडी सांगितली. तुमचे सासरे तिच्या मधल्या पायरीवर अडकलेत. वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे.

हा शब्द वाचून तुम्ही दचकला असाल. नशा लागेल, शुद्ध हरपेल, लवकर जातील. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दुखण्याच्या मापाने वाढवत नेलेल्या मॉर्फिनने असं होत नाही. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, मळमळते, मग शरीर सरावतं. बऱ्याचदा ती गुंगी म्हणजे कित्येक रात्रींची थकलेली झोपच असते. साधी गोळी साधारण चार चार तासांनी, घड्याळ लावून घ्यायची असते. ‘फारच दुखलं तर देऊ’ म्हणून मागे ठेवायची नसते. आपल्या घरांत नेमकी हीच चूक होते. कळ शिगेला पोचेपर्यंत गोळी राखून ठेवायची, आणि मग औषध लागू पडत नाही म्हणायचं. शिवाय मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतं, जवळजवळ हमखास. म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध त्याच कागदावर लिहून घ्या, आणि इसबगोलावर भागवू नका. पाणी कमी पिणाऱ्या माणसाच्या आतड्यात ते उलट घट्ट बसू शकतं.

मग हे औषध तुमच्या गावच्या मेडिकलमध्ये का मिळत नाही? यावर मला नेहमीच थोडं जास्त बोलावंसं वाटतं. मॉर्फिन अफूपासून होतं, आणि अफू परदेशातून आणावी लागत नाही. ती आपल्याच मंदसौर-नीमच भागात, चित्तोडगडकडे सरकारी परवान्याने पिकते. नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. जगाला वैध अफू आपण विकतो. पण १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा आला आणि त्यातल्या शिक्षा आणि परवान्यांच्या चळतीला घाबरून दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. तस्कराला बसायचा तो धाक कॅन्सरच्या पेशंटला बसला. २०१४ मध्ये संसदेने कायदा सुधारला, त्यानुसार मॉर्फिनसह सहा औषधं अत्यावश्यक ठरली, आणि अनेक परवान्यांऐवजी एकाच खात्याकडून मान्यता मिळेल अशी सोय झाली. कायदा बदलून इतकी वर्षं झाली, भीती तिथेच आहे. म्हणून ज्या रुग्णालयांनी ही मान्यता घेतली आहे तिथेच गोळ्या मिळतात. गोळी महाग नाही. महाग आहे ती तिच्यापर्यंत पोचायची वाट.

ती वाट तुमच्यासाठी अशी आहे. साताऱ्याहून पुण्याकडे जाताना कात्रजचा नवा बोगदा, नवले पूल मागे टाकला की पुढे बाह्यवळणावरच वारजे लागतं. तिथे सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून आहे. सेवा मोफत. ती ‘मरायला नेऊन टाकायची’ जागा आहे का, हे तुमच्या यजमानांनी एकदा स्वतः जाऊन बघावं. पेशंटबरोबर घरचं माणूस राहतं. काही दिवसांत दुखणं आटोक्यात आणायचं, तोवर घरच्या माणसाला कूस कशी बदलायची, जखम कशी धुवायची, गोळ्यांचा तक्ता कसा पाळायचा हे शिकवायचं, आणि पेशंटला घरी पाठवायचं, असा तिथला क्रम असतो. बरेच लोक तिथून घरी जातात. पुन्हा त्रास वाढला तर पुन्हा येतात. हॉस्पिसला फक्त आत जायचा दरवाजा असतो, ही आपली समजूत आहे.

मुंबईकडच्या वाचकांसाठी सांगते: वांद्र्याला माउंट मेरीच्या टेकडीवर समुद्राकडे तोंड करून शांती आवेदना सदन आहे. देशातलं पहिलं हॉस्पिस, १९८६ चं, कॅन्सर सर्जन डॉ. लुईस डिसोझांनी सुरू केलेलं. गोव्यात लोटलीलाही त्यांची शाखा आहे. तिथेही पैसे घेत नाहीत. टाटामध्ये नाव असलेल्यांनी तिथल्याच पॅलिएटिव्ह विभागाची चिठ्ठी मागावी. मागावी म्हणजे खरंच मागावी, कारण गर्दीत ती आपणहून मिळतेच असं नाही. आणि ज्यांच्या जवळ यातलं काहीच नाही त्यांनी पॅलियम इंडिया या त्रिवेंद्रमच्या संस्थेच्या संकेतस्थळावर राज्यवार यादी बघावी. जिल्हा रुग्णालयातही विचारा. २०१२ पासून केंद्राचा पॅलिएटिव्ह केअरचा कार्यक्रम आहे, काही ठिकाणी तो कागदावर आहे आणि काही ठिकाणी खरंच एक खोली, एक डॉक्टर आणि एक सिस्टर आहेत. आपल्याकडे काय आहे ते गेल्याशिवाय कळत नाही. आरोग्य उपकेंद्रांची आता आयुष्मान आरोग्य मंदिरं झालीत. त्यांनी द्यायच्या बारा सेवांमध्ये ही सेवा लिहिलेली आहे. आशाताईला हे आठवण करून द्यायला हरकत नाही.

एक अडचण आधीच सांगून ठेवते. फोनवरून किंवा व्हिडिओवरून डॉक्टर बाकी पुष्कळ काही सांगू शकतात, पण मॉर्फिन लिहून देऊ शकत नाहीत, नियमच तसा आहे. म्हणजे सासऱ्यांना एकदा तरी प्रवास करावा लागेल, आणि तो अंगात बसायचं त्राण आहे तोवर केलेला बरा. पुढच्या वेळच्या गोळ्या घरचं माणूस कागद दाखवून नेऊ शकतं का, हे तिथेच विचारून घ्या. त्यांना आणखी एक विचारा: या दुखण्यासाठी पोटाच्या मागच्या नसांच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन त्या बधिर करता येतात, त्याचा यांना उपयोग होईल का? स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये काहींना त्याने फार मोठा आराम पडतो. गिळता येईनासं झालं तर त्वचेवर लावायची पट्टीही असते, ती तीन दिवस पुरते, पण खिशाला जड.

आता तुमच्या यजमानांबद्दल. त्यांच्यावर चिडू नका असं मी म्हणणार नाही, चिडा. पण ते जे म्हणताहेत त्याच्या तळाशी काय आहे बघा. त्यांच्या डोक्यात दोनच रस्ते आहेत: मोठं हॉस्पिटल म्हणजे बापासाठी झटणं, आणि बाकी सगळं म्हणजे बापाला वाऱ्यावर सोडणं. यातला पहिला रस्ता मी पाहिलाय. माझ्या मोठ्या काकांना आम्ही असंच ‘सगळं करा’ म्हणत आयसीयूत ठेवलं. अकरा दिवस. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, एका वेळी एकानेच आत. घशात नळी होती म्हणून बोलता येत नव्हतं, हात बांधलेले होते म्हणून खुणाही करता येत नव्हत्या. शेवटी गेले तेव्हा आम्ही खाली कॅन्टीनमध्ये चहा पीत होतो. बिल भरायला चुलतभावाने रानाचा तुकडा काढला. त्यांच्यासाठी आम्ही सगळं केलं, हे आम्ही अजून लोकांना सांगतो. एकमेकांना सांगत नाही.

यजमानांना आकड्यांची भाषा पटत असेल तर हे सांगा. बोस्टनमधल्या एका रुग्णालयाने फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेल्या १५१ लोकांचा अभ्यास केला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले, निम्म्यांना त्याबरोबर सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह केअरही. ज्यांना ही सेवा मिळाली त्यांच्यावर शेवटी शेवटी मारामारीचे उपचार कमी झाले, त्यांचं मन कमी खचलं, आणि ते साधारण पावणेतीन महिने जास्त जगले. तो कॅन्सर वेगळा होता आणि त्यांना ही सेवा निदानाच्या वेळीच मिळाली होती, त्यामुळे तुमच्या सासऱ्यांना तेवढे महिने मिळतील असं मी अजिबात म्हणत नाही. पण ‘तिकडे नेलं की माणूस लवकर जातो’ या भीतीला काही आधार नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं.

आणि अमेरिकेतल्या दिरांना एकच सांगायचं: पैसे नकोत, या. आत्ता या. दहाव्याला विमानाने येऊन हुंदके देणारी मुलं मी पाहिलीत, त्यांचं दुःख खोटं नसतं. पण सुट्टी शिल्लक असेल तर ती बापाला ओळख पटतेय तोवर खर्च करावी. लांबच्या माणसाला ‘सगळं करा’ असं म्हणावंसं वाटतं, कारण त्याला करता येण्यासारखं दुसरं काही समोर दिसत नाही. इथे आठ रात्री बापाशेजारी झोपला की त्यालाही कळेल ‘सगळं’ म्हणजे काय. नणंदबाईंनाही तेच. काढा पाठवू नका, आठ दिवस राहायला या. शिवाय हा काढा चालू औषधांबरोबर देऊ की नको हे विचारल्याशिवाय देऊच नका. यकृत आधीच आजारी आहे.

‘मी सून, मला अधिकार आहे का?’ हा तुमचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला होता. घरात प्रत्येकजण अधिकाराचं बोलतोय. मुलगा म्हणून, परदेशातला मुलगा म्हणून, लेक म्हणून. तुम्ही सून म्हणून संकोचताय. पण ज्याचं पोट दुखतंय त्याला कोणी विचारलंय का? ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षं घाटातून पन्नास-पन्नास माणसं सुखरूप उतरवली, त्याला आपली गाडी कुठल्या रस्त्याला लागलीय हे सांगायचं नाही असं तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंत. प्रेमाने ठरवलंत, मान्य. ‘ऐकलं तर खचतील.’ पण ताई, त्यांना कळलेलं आहे. अल्सरसाठी कोणी सलाईनमधून केमो देत नाही, डोक्यावरचे केस जात नाहीत, आणि मुलगा अमेरिकेतून रोज फोन करत नाही. त्यांनी तुम्हाला विचारलं ते माहिती हवी होती म्हणून नसावं. त्यांना बहुधा हे बोलायला कोणीतरी हवं होतं. मुलांना न विचारता तुम्हाला विचारलं, यातच तुमच्या अधिकाराचं उत्तर आहे.

म्हणून लगेच जाऊन सगळं सांगून टाका, असं मात्र नाही. किती जाणून घ्यायचं हेही त्यांनीच ठरवायचं. पुन्हा विचारलं तर उठू नका. बसा, आणि उलट विचारा: ‘तुम्हाला काय वाटतंय, अण्णा?’ (तुम्ही त्यांना काय हाक मारता ते पत्रात नाही, मी अण्णा धरून चालते.) ते जे म्हणतील ते ऐका. ‘मोठं दुखणं आहे’ असं म्हणाले तर नाही म्हणू नका. ‘होय, मोठं आहे. दुखणं कमी करायचं औषध आहे, ते आपण आणणार आहोत’ एवढं पुरे. ‘जाऊ दे, असंच विचारलं’ म्हणाले तर तेही ऐका, तो त्यांचा हक्क. महिने-दिवसांचा हिशेब तुम्ही सांगायचा नाही, ते काम डॉक्टरांचं. वारज्याला गेलात तर तिथल्या डॉक्टरांना आधी बाजूला घेऊन सांगा की यांना निदान सांगितलेलं नाही. हे संभाषण कसं करायचं यात त्यांचा हात बसलेला असतो. यजमान त्या वेळी खोलीत असावेत.

कळल्यावर माणसं बऱ्याचदा आपल्याला अपेक्षित नसलेलं काहीतरी मागतात. जुन्या डेपोतल्या कंडक्टर मित्राला बोलावा. बांधावरून बंद झालेलं भावाशी बोलणं. सातबाऱ्यावर कोणाचं नाव. पेन्शनचा कागद. पंढरपूरला एकदा. यातलं निम्मं करता येतं, पण त्यांना ते बोलता आलं तर.

आणि ते बोलायला लागले की आणखी एक विचारून घ्या: पुढे कधी श्वास अडला, शुद्ध गेली, तर मशीनवर ठेवायचं का? हे कागदावर उतरवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला हा हक्क मान्य केला, आणि आधीची किचकट पद्धत जानेवारी २०२३ मध्ये सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते होतं. वर्तमानपत्रं याला सरसकट इच्छामरण म्हणतात, त्याने लोक बिचकतात. यात कोणी इंजेक्शन देऊन कोणाला मारत नाही. बरं होण्याची आशा नसताना फक्त लांबवणारे उपचार नकोत, एवढंच माणूस शुद्धीत असताना लिहून ठेवतो. घरीच शेवट झाला तर या कागदाची गरजही पडणार नाही. पण घाबरून कोणी हॉस्पिटलात नेलंच, तर तुम्हा तिघा-चौघांमध्ये कोण बरोबर यावर भांडण होणार नाही.

घाबरून नेलं जातंच, म्हणून शेवटच्या दिवसांबद्दल थोडं स्पष्ट लिहिते. वाचवत नसेल तर आत्ता सोडा, नंतर वाचा. जेवण कमी होत होत सुटेल. तेव्हा शेजारपाजारचे म्हणतील, ‘एक बाटली लावा, तरतरी येईल.’ शरीर आवरतं घेत असताना भरलेलं सलाईन बऱ्याचदा पायावर सुजेत आणि छातीत खरखरीत जातं. कोरड्या तोंडाला मात्र त्रास होतो, म्हणून ओल्या बोळ्याने तोंड पुसत राहा, ओठांना लोणी लावा. तुळशीपत्र, गंगाजल जरूर द्या, पण गिळता येत नसेल तर नुसते ओठ ओले करा, चमच्याने ओतू नका, ठसका लागेल. घशात घरघर वाजू लागली की घरच्यांना ती ऐकवत नाही. कुशीवर वळवून ठेवलं की ती बरीच कमी होते, आणि तिच्यावर औषधही असतं. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदला. हवेची गादी भाड्यानेही मिळते. आणि गावातल्या डॉक्टरांशी आजच बोलून ठेवा: रात्री-अपरात्री गेले तर तुम्ही येऊन दाखला लिहाल ना? हे ठरलेलं नसतं म्हणून पहाटे तीनला अँब्युलन्स बोलावली जाते आणि माणूस घराऐवजी रस्त्यात जातो. तो दाखला मिळाला की २१ दिवसांत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद, बस्स.

पाणी न पिण्याचं तुम्ही एका ओळीत लिहिलंत आणि पुढे गेलात. मला वाटतं पत्रातलं सगळ्यात बोलकं वाक्य तेच आहे. हा माणूस तहानलेला राहतोय, कारण रात्री लघवीला नेताना सुनेने धरावं याची त्याला लाज वाटते. आणि पदर सावरत ते करताना तुम्हालाही वाटत असणार. सेवेत लाज धरू नये असं म्हणणारे स्वतः कधी ते करत नसतात. हे काम मुलाचं आहे. यजमानांना स्पष्ट सांगा: अंघोळ, लघवी, डायपर तुमच्याकडे. ड्युटीवर असतील त्या वेळेसाठी गावातला एखादा माणूस पैसे देऊन ठेवा. दिरांना पैसे पाठवायचेच असतील तर ते यासाठी पाठवू देत. खाटेशेजारी लघवीचं भांडं ठेवा, ते स्वतःचं स्वतः वापरू शकतील. मग बघा पाणी पितात की नाही.

केरळात हे काम शेजारी करतात. १९९३ मध्ये कोझिकोडला एका छोट्या दवाखान्यापासून डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरुवात केली. पुढे गावोगावी साध्या लोकांना शिकवून गट उभे राहिले, २००८ मध्ये राज्याने धोरण केलं, आणि आता पंचायतीची नर्स घरी येते. आपल्याकडे ते होईल तेव्हा होवो. पण कोणी आजारी पडलं की अर्धा गाव ‘भेटायला’ येतो, चहा पितो आणि जातो, ही पद्धत तर आपल्याकडे आहेच. त्या भेटायला येणाऱ्यांपैकी एसटीतल्या दोन जुन्या सोबत्यांना म्हणा, चहा होईल, पण दोन तास बसा, मी झोपते.

कारण तुम्ही झोपलेल्या नाही. ‘सुटावेत एकदाचे’ असं मनात आलं म्हणून तुम्ही स्वतःला घाबरता. ताई, जे रात्री खाटेजवळ बसतात त्यांच्याच मनात हे येतं. लांबून फोन करणाऱ्यांच्या येत नाही, त्यांना कण्हणं ऐकू येत नाही. तुम्हाला त्यांचं दुखणं संपायला हवंय, आणि ते संपण्याचा मरण सोडून दुसरा मार्ग आजवर तुम्हाला कोणी दाखवलेलाच नाही. मॉर्फिनची पहिली शांत रात्र गेल्यावर तो विचार किती वेळा येतो, ते मला लिहा. आला तरी लिहा. आणि तुमचं शिलाई मशीन सहा महिने बंद आहे म्हणालात, ते रोज तासभर सुरू करा. त्या आवाजाने त्यांना त्रास होणार नाही. एसटीच्या इंजिनाशेजारी जन्म गेलाय त्यांचा.

हे उत्तर छापून यायला वेळ लागेल म्हणून तुम्हाला आधीच वेगळं पाठवतेय. फाइल शोधून ठेवा: बायोप्सीचा रिपोर्ट, शेवटचं स्कॅन, डिस्चार्जचा कागद, चालू गोळ्यांची पाकिटं, आधार कार्ड. गाडीत पुढच्या सीटवर बसवा. उशी पाठीमागे नको, पोटाशी धरायला द्या, मागे टेकलं की दुखेल. आणि निघताना ‘पोटाच्या डॉक्टरला दाखवायला चाललोय’ असं सांगू नका. ‘दुखणं कमी करणाऱ्या डॉक्टरकडे चाललोय’ म्हणा. ते खरंही आहे.